नेलिदाबाईंच्या प्रकृतीसाठी तळलेली कोंबडी

ज्या शनिवारी नेलिदाबाई आता फार दिवसांच्या सोबती नाहीत अशी सगळ्या गल्लीची खात्री पटली होती, त्या शनिवारी त्या स्वतः नळाखाली बसून पोतंभर बटाटे धूत होत्या आणि मनातल्या मनात वीसचा पाढा म्हणत होत्या. मरायला टेकलेल्या बाईला वीसच्या पाढ्याची काय गरज, हे कुणी विचारलं नाही. आमच्या गल्लीत एकदा एखादी गोष्ट ठरली की ठरली. ती ज्याच्याबद्दल ठरली त्याचं मत घेण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

सुरुवात एका दातानं झाली. रविवारच्या जेवणात लिंबात मुरवलेल्या माशाबरोबर भाजलेला मका खाताना नेलिदाबाईंचा वरचा, समोरचा, अगदी दर्शनी दात अर्ध्यातून तुटला. मक्याच्या दाण्याला काहीही झालं नाही.

आता दात तुटणं ही काही जगबुडी नव्हे. पण नेलिदाबाईंचं हसणं ही आमच्या गल्लीची सार्वजनिक मालमत्ता होती. त्या हसल्या की फाटकाबाहेरच्या पाववाल्याला ऐकू जायचं आणि तोही कारण नसताना हसायचा. त्यांना हसायला फार काही लागायचं नाही. शेजारचे इपोलितोकाका चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधताहेत, एवढ्यावर त्या अख्खी दुपार काढू शकायच्या. दात गेला आणि हात तोंडावर आला. हसू आलं की पंजा तोंडावर दाबून नाकातून नुसताच एक आवाज काढायचा, कुणी सायकलच्या नळीतली हवा सोडावी तसा. आधी लोकांना गंमत वाटली. मग त्यांनी नेलिदाबाईंना विनोद सांगणंच सोडून दिलं. बाईंना हे फार लागलं. त्यांना तो दात खाण्यासाठी नको होता, हसण्यासाठी हवा होता, आणि ही गोष्ट नवऱ्याला समजावून सांगणं त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं.

दातांच्या डॉक्टरनं आठशे सोल सांगितले.

नवरा म्हणजे विल्फ्रेदो. चपला-बुटांच्या एका घाऊक दुकानात ते हिशेब लिहायचे आणि घरी येऊनही त्यांचा हात थांबायचा नाही. आमच्या लिमा शहरात पुष्कळ घरी नवरे रोजच्या खर्चाचे पैसे सकाळी बायकोच्या हातावर ठेवतात. विल्फ्रेदो हातावरही ठेवत नसत, साखरेच्या भांड्याखाली ठेवत. संध्याकाळी उरलेली मोड नेलिदाबाईंनी बशीत ठेवायची आणि विल्फ्रेदोंनी ती मोजून खिशात टाकायची, असा लग्नापासूनचा शिरस्ता होता.

"दात?" विल्फ्रेदो चष्म्यावरून बघत म्हणाले. "मागचे आहेत ना सगळे?"

"आहेत."

"चावता येतं?"

"येतं."

"मग बघू."

'बघू' हा विल्फ्रेदोंच्या हिशेबातला तिसरा रकाना. पहिला आवश्यक, दुसरा अनावश्यक. तिसऱ्यात गेलेली वस्तू पुन्हा कुणी पाहिलेली नव्हती. त्यात न्हाणीघराची फरशी होती, आरेकिपाला राहणाऱ्या बहिणीकडे जाण्याचा बेत होता, आणि त्यांच्या मुलीनं, फिओरेलानं, सात वर्षांची असताना मागितलेलं कुत्र्याचं पिल्लू होतं. फिओरेला आता तिशीच्या पुढे गेली आहे आणि दूर ताक्नाला शाळेत शिकवते.

विल्फ्रेदो वाईट माणूस नव्हेत. त्यांच्याशी कुणी भांडलं असतं तर कदाचित ऐकलंही असतं. पण नेलिदाबाई पैशाच्या बाबतीत भांडतच नसत. पैशाचं नाव निघालं की त्यांच्या तळव्यांना घाम सुटायचा आणि त्या आधी माफी मागून मोकळ्या व्हायच्या. एकदा गळकी किटली परत करायला दुकानात गेल्या आणि दोन किटल्या घेऊन आल्या. बाजारात एका बाईनं एवोकाडोचे पाच सांगितले तेव्हा यांनी "साडेपाच चालतील का?" असं विचारल्याचं सोइलाबाई अजून शपथेवर सांगतात. सोइलाबाई या त्यांच्या समोरच्या शेजारीण, आणि गल्लीत जे जे घडतं त्याची निम्मी जबाबदारी त्यांच्यावर असते. उरलेलीही बहुधा त्यांच्यावरच असते, पण ती सिद्ध करता येत नाही.

तर चर्चच्या मागच्या दालनात दर मंगळवारी 'बायका आणि पैसा' नावाचा फुकट वर्ग सुरू झाला, तिथे सोइलाबाई नेलिदाबाईंना घेऊन गेल्या. कॉफी मिळेल असं कुणीतरी सांगितलं होतं. कॉफी नव्हती. मिस रोमिना नावाची एक चुणचुणीत मुलगी होती आणि तिनं पहिल्याच दिवशी सगळ्यांना उभं केलं.

"नेलिदाबाई, हे पेन मला विका."

"घे ना, पोरी. माझ्याकडे घरी दुसरं आहे."

मिस रोमिनानं एक दीर्घ श्वास घेतला. "किंमत सांगा."

"कितीही दे गं. नाही दिलंस तरी चालेल. माफ कर हं, शाई थोडी कमी आहे."

वर्ग हसला. नेलिदाबाईंनाही हसू आलं आणि हात तोंडावर गेला. मिस रोमिनानं तेवढं पाहिलं. वर्ग सुटताना ती त्यांच्यापाशी येऊन म्हणाली, "तुम्हाला एकच अभ्यास. एकदा तरी काहीतरी स्वतः ठरवलेल्या किमतीला विकायचं. किंमत सांगायची आणि गप्प बसायचं. माफी मागायची नाही."

"आणि समोरचा नाही म्हणाला तर?"

"तर तोही गप्प बसेल. कुणीतरी आधी बोलेल. ते तुम्ही नसाल एवढं बघा."

घरी येताना सोइलाबाईंनी फाटकातच निकाल लावला. "पोयादा कर."

पोयादाचा हिशेब सरळ असतो. आधी तिकिटं विकायची, ठरल्या दिवशी कोंबडी मसाल्यात मुरवून तळायची, तिकीट आणील त्याला बटाट्यासकट भरलेली ताटली द्यायची, वर बीअर विकायची, आणि उरलेल्या पैशांत आपलं अडलेलं काम करून घ्यायचं. कुणाचं छप्पर गळतं, कुणाचं ऑपरेशन निघतं. गल्ली कोंबडी खाते आणि काम होऊन जातं.

"माझं तिकीट कोण घेणार, सोइला?"

"कोण घेणार? अगं बाई, इतक्या वर्षांत या गल्लीतली एक पोयादा सोडली नाहीस तू! लोक एक तिकीट घेतात, तू तीन घेतेस. माझ्या छपराची कोंबडी खाल्लीस. इपोलितोच्या प्रोस्टेटची खाल्लीस. कोपऱ्यावरच्या पोराच्या गिटारची खाल्लीस, आणि ते कार्टं अजून बेसूर वाजवतंय. आख्खी गल्ली तुझं देणं लागते!"

नेलिदाबाई फाटकातच थांबल्या. ती तिकिटं त्यांनी केवळ नाही म्हणता येत नाही म्हणून घेतली होती. संध्याकाळी बशीत मोड कमी निघायची आणि त्या "भाजी महागली" असं सांगायच्या. आजवर त्या या गोष्टीला आपला मूर्खपणा समजत होत्या. ही ठेव आहे असं त्यांना प्रथमच कुणीतरी सांगत होतं.

तिकीट वीस सोलांचं ठरलं. ताटलीमागे बारा खर्च, आठ हातात. शंभर ताटल्या गेल्या की दात आला. एवढं गणित नेलिदाबाईंनी चुलीपाशी उभ्या उभ्या केलं आणि त्यांना स्वतःचीच जरा भीती वाटली.

पण छापखान्यात गाडी अडली. तिकिटावर कारण लिहावं लागतं.

"कारण कशाला हवं?" नेलिदाबाई म्हणाल्या.

"वा! कारण नसलं तर लोकांना वाटेल ही बाई पैसे कमवायला कोंबडी विकतेय," सोइलाबाई म्हणाल्या. हा आरोप आमच्याकडे फार गंभीर समजला जातो.

आता 'समोरच्या दातासाठी' असं कसं लिहायचं? या वयात नटायची हौस आली म्हणतील. नेलिदाबाईंनी पुष्कळ विचार केला आणि शेवटी कागदावर लिहून दिलं, 'नेलिदाबाईंच्या प्रकृतीसाठी'. दात हा प्रकृतीचाच भाग आहे, यात खोटं काही नव्हतं. छापखानेवाला भला माणूस. त्यानं वरती जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं आणि खाली 'देव तुम्हाला याचं फळ देवो' अशी ओळ टाकली, तीही फुकट.

मग नगरपालिका आली. घरांमधली फरशीची वाट सार्वजनिक असल्यामुळे तिथे चूल मांडायला परवानगी लागते. नेलिदाबाई तीन खिडक्या फिरून चौथ्या खिडकीशी पोहोचल्या. तिथल्या कारकुनानं विचारलं, "नफ्यासाठी की सामाजिक?"

"फरक काय?"

"नफ्यासाठी असेल तर तीनशे सोल भरा. सामाजिक असेल तर फुकट, पण आजार लिहावा लागेल. कुणाचा आजार?"

"माझा."

"काय आहे?"

मागे मोठी रांग. रांगेत दोन ओळखीचे चेहरे. नेलिदाबाईंनी हात तोंडावर नेला आणि बोटानं नुसतंच चेहऱ्याच्या वरच्या बाजूला कुठेतरी दाखवलं. त्यांचे डोळे लाजेनं भरून आले होते. कारकुनानं वर पाहिलं, लेखणी खाली ठेवली आणि हळू आवाजात म्हणाला, "राहू द्या, बाई. माझी आईपण अशीच गेली." आणि त्यानं कागदावर 'गंभीर' असं लिहून शिक्का मारला.

नेलिदाबाईंनी तो शब्द वाचला. दातांचा डॉक्टरही गंभीर आहे असंच म्हणाला होता. शिवाय शिक्का बसलेला कागद दुरुस्त करायचा म्हणजे पुन्हा पहिल्या खिडकीपासून सुरुवात. त्यांनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. त्या कारकुनाची सासू आमच्याच गल्लीत राहते, हे मात्र त्या पार विसरल्या.

दुसऱ्या दिवसापासून तिकिटं खपायला लागली ती अशी, की नेलिदाबाई चकित झाल्या. मिस रोमिनानं सांगितल्याप्रमाणे त्या दारात उभ्या राहायच्या, म्हणायच्या, "वीस सोल." आणि गप्प बसायच्या. दात दिसू नये म्हणून हात तोंडावर. समोरच्याचा चेहरा आधी पडायचा, मग ओठ थरथरायचे, मग तो आत जाऊन तीस आणायचा. इपोलितोकाका स्वतःच्या वाढदिवसालाही केक दोन इंची आणतात, पण त्यांनी पाच तिकिटं घेतली आणि वर पन्नासाची नोट यांच्या मुठीत कोंबून तोंड फिरवलं.

"काका, हे जास्त आहेत."

"असू दे. बोलू नकोस. दगदग होते."

गप्प बसण्यात एवढी ताकद असेल याची नेलिदाबाईंना कल्पना नव्हती. मंगळवारी वर्गात त्यांनी हे सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या. इतर बायकांनीही घरोघरी जाऊन गप्प बसून पाहिलं, पण त्यांना कुणी काही दिलं नाही. हे जास्तीचे पैसे लोक बीअरसाठी आगाऊ देताहेत असा नेलिदाबाईंनी समज करून घेतला आणि कुणाचे किती हे डोक्यात पक्कं ठेवलं. आयुष्यभर बशीत मोड ठेवलेल्या बाईचं डोकं या कामात तयार असतं, फक्त तिला ते कुणी सांगितलेलं नसतं.

बाकी गोष्टी मात्र जरा चमत्कारिक होत होत्या. सकाळी दारात सूपची पातेली येऊन बसायला लागली. शेवटच्या घरातल्या फेर्मिनाआजी काळा गिनीपिग घेऊन आल्या आणि यांना खुर्चीत बसवून तो डोक्यापासून पायापर्यंत फिरवला. आत कुठे काय बिघडलंय ते त्या जनावराला कळतं म्हणतात. नेलिदाबाईंना वाटलं, गुडघ्यांसाठी असेल.

"काही सापडत नाही," फेर्मिनाआजी नाराजीनं म्हणाल्या. "फार खोल गेलंय."

सगळ्यांत चमत्कारिक वागत होते विल्फ्रेदो. पोयादा करणार हे त्यांना सांगायचं कसं या विचारानं नेलिदाबाईंची दोन दिवस झोप उडाली होती. पोयादा ही आपल्यासारख्यांनी खायची गोष्ट आहे, करायची नव्हे, असं त्यांचं ठाम मत. पण एका संध्याकाळी ते न्हाव्याकडून अर्धेच केस कापून घरी आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "पोयादा करते आहेस म्हणे. कर. माझं काही म्हणणं नाही."

दुसऱ्या सकाळी साखरेच्या भांड्याखाली दुप्पट पैसे होते. संध्याकाळी विल्फ्रेदोंनी बशीकडे पाहिलंसुद्धा नाही. रात्रीची भांडी त्यांनी घासली. गुरुवारी त्यांनी लोकरीची शाल आणली आणि विचारलं, "नेली, तुला काय खावंसं वाटतंय?"

नवरा असा वागायला लागला की त्याचा एकच अर्थ असतो हे नेलिदाबाईंनी टीव्हीवरच्या मालिकांतून शिकून ठेवलं होतं. त्या तशाच समोर सोइलाबाईंकडे गेल्या. "सोइला, याचं बाहेर काहीतरी आहे."

सोइलाबाईंनी त्यांना छातीशी धरलं आणि हुंदका दिला. "नाही गं. माणूस शेवटी शेवटी बदलतो."

कशाच्या शेवटी, हे नेलिदाबाईंना कळलं नाही. महिन्याच्या असेल, म्हणून त्यांनी सोडून दिलं.

आणि मग तो शनिवार उजाडला. लाल मिरची, लसूण, जिरं आणि व्हिनेगरमध्ये रात्रभर मुरलेल्या कोंबड्या मोठाल्या टबांत वाट बघत होत्या. दोन कढया तापल्या होत्या. पोयादाला खरं तर नाचाची गाणी लावतात, पण इपोलितोकाकांनी कर्ण्यावर जुनी, विरहाची वॉल्त्झ गाणी लावली आणि कुणीच त्यांना बंद करा म्हटलं नाही. लोक काळे कपडे घालून आले. नेलिदाबाईंना वाटलं, तेलाचे डाग दिसू नयेत म्हणून. फक्त विल्फ्रेदो पांढरा शर्ट घालून भिंतीला टेकून बसले होते. सोइलाबाईंनी त्यांच्या हातात ताटली दिली, ती त्यांनी संपवली. दुसरी दिली, तीही संपवली. दुःखात काही माणसांचं जेवण तुटतं, विल्फ्रेदोंचं वाढतं.

बारा वाजता फाटकातून फिओरेला धावत आली. रात्रभर बसमध्ये रडून तिचे डोळे सुजले होते. तिनं कढईपाशीच आईला मिठी मारली.

"आई, मला का नाही सांगितलंस?"

"अगं, त्यात काय सांगायचं? तू एवढ्या लांब."

"किती दिवस म्हणतात डॉक्टर?"

"फार नाही. दोन-तीन वेळा जावं लागेल, मग संपलं. सुई टोचतात म्हणे, दुखत नाही."

फिओरेला मटकन खाली बटाट्याच्या पोत्यावर बसली. तिला पाणी द्यायला नेलिदाबाई वळल्या तर समोर फादर आन्सेल्मो. गळ्यात जांभळा पट्टा, हातात छोटी चांदीची डबी. आजूबाजूचे लोक मागे सरकले. टोप्या निघाल्या.

"मुली," फादर हळुवारपणे म्हणाले, "मनावर काही ओझं असेल तर आत्ता सांग. मग मी तुला तेल लावतो."

नेलिदाबाईंनी त्या डबीकडे पाहिलं. मरणाऱ्याला लावायच्या तेलाची ती डबी त्यांनी आयुष्यात दोनदाच पाहिली होती. एकदा वडिलांच्या खाटेपाशी, एकदा सासूबाईंच्या. सूप, शाल, गिनीपिग, काळे कपडे, मुठीत कोंबलेली पन्नासाची नोट, सगळं त्यांच्या डोक्यात एकदम रांगेनं उभं राहिलं. त्यांनी हळूच मान वळवली. भिंतीशी विल्फ्रेदो तिसरी ताटली मांडीवर घेऊन बसले होते. ते खात होते आणि रडत होते, आणि नाक पुसायला त्यांच्याकडे रुमाल नव्हता म्हणून पांढऱ्या शर्टाची बाही लाल मिरचीनं माखली होती.

"सोइला," नेलिदाबाईंनी घोगऱ्या आवाजात विचारलं, "मी मरतेय का?"

सोइलाबाईंनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. "म्हणजे तू मरत नाहीयेस?"

"दात आहे गं! तुला तर माहीत होतं!"

"मला वाटलं दाताचं तू आपलं लोकांना सांगायला काढलंयस! आत खरं काहीतरी असणार. शिक्का होता ना त्याच्यावर!"

मग सोइलाबाईंचं डोकं नेहमीसारखं चालायला लागलं. त्यांनी नेलिदाबाईंच्या कानाशी तोंड नेलं. "गप्प बस. आज नुसतं तेल लावून घे. पुढच्या महिन्यात बरी हो. चमत्कार झाला म्हणू, फादरनाही बरं वाटेल."

खोटं कशाला सांगू, नेलिदाबाईंनी क्षणभर तसा विचार केला खरा. कमरेच्या एप्रनच्या खिशात पैसे गच्च भरले होते. त्यात दात होता, न्हाणीघराची फरशी होती, आरेकिपाचं तिकीट होतं. करायचं काय होतं? गप्प बसायचं. तेवढं तर त्या आयुष्यभर करत आल्या होत्या. पण तो भिंतीशी बसलेला माणूस बाहीनं नाक पुसत होता, आणि ते त्यांना बघवेना.

त्या बीअरच्या रिकाम्या खोक्यावर चढल्या. इपोलितोकाकांना वाटलं निरोपाचं भाषण आहे, म्हणून त्यांनी गाणं बंद केलं.

नेलिदाबाईंनी तोंडावरचा हात काढला आणि ओठ वर करून दात दाखवला. "हा," त्या म्हणाल्या. "हा माझा आजार. मका खाताना तुटला. बाकी मी ठणठणीत आहे."

कढईतल्या तेलाचा तेवढा आवाज येत होता.

"आणि?" इपोलितोकाकांनी विचारलं.

"आणि काही नाही."

"नुसता दात?"

"नुसता दात. आजारी आहे असं मी कुणाला म्हटलं नव्हतं, पण दाताचं म्हणायची लाज वाटली म्हणून गप्प राहिले. तुम्हाला सगळ्यांना रडायला लावलं, त्याची माफी मागते."

आधी फिओरेला रडता रडता हसायला लागली. फादरनी डबी खिशात टाकून तिकीट काढलं. आणि मग लोकांचं दुःख ओसरून त्या जागी हळूहळू राग भरायला लागला, कारण आपण उगाच चांगलं वागलो ही गोष्ट माणसाला सहन होत नाही. फेर्मिनाआजी गिनीपिगची बाजू घेऊन सगळ्यांना सांगत सुटल्या, "त्यानं सांगितलं होतं! तो चुकत नाही!" बघता बघता खोक्यासमोर रांग लागली. पहिल्या नंबरवर इपोलितोकाका.

"माझे पन्नास."

"हे घ्या, काका. जास्तीचे पन्नास." नोट त्यांच्या हातात पडली. मागच्यांचे दहा, त्यांच्या मागच्या बाईंचे वीस, कोपऱ्यावरच्या पोराचे पाच. कुणाचे किती हे नेलिदाबाईंना कुणालाही विचारावं लागलं नाही. दोघातिघांनी "असू दे, नव्या दातानं काहीतरी बरं जेवा" असं म्हणून पैसे घेतलेही नाहीत. पण इपोलितोकाका हलले नव्हते.

"आणि पाच तिकिटांचे शंभर?"

नेलिदाबाईंच्या तळव्यांना घाम सुटला. "माफ करा" हे शब्द अगदी ओठांपर्यंत आले. तुटलेल्या दाताच्या फटीतून ते बाहेरही पडले असते, पण त्यांनी जिभेनं ती फट बंद केली.

"पाच ताटल्या खाल्ल्यात ना, काका?"

"खाल्ल्या. पण कारण खोटं होतं!"

"कारण खोटं असेल. कोंबडी खरी होती. ताटलीचे वीस सोल."

आणि नेलिदाबाई गप्प बसल्या. या खेपेला हात तोंडावर नव्हता. काकांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सोइलाबाई कढईतून झारा काढून उभ्या होत्या. कोण आधी बोलतं याकडे सगळ्यांचं लक्ष लागलं होतं, आणि मिस रोमिना म्हणाली होती तसंच झालं.

"मिरची जरा जास्त होती," काका पुटपुटले आणि रांगेतून बाहेर पडले.

मग कुणीतरी नाचाचं गाणं लावलं. बीअरच्या बाटल्या उघडल्या. न मेलेल्या बाईच्या पोयादाला खरं तर मेलेल्या बाईच्या पोयादापेक्षा जास्त बीअर खपते, असा आमचा त्या दिवशीचा अनुभव आहे. तरी उन्हं उतरताना नेलिदाबाईंनी बटाट्याच्या पोत्यावर बसून एप्रनमधल्या नोटा लावल्या, तेव्हा दाताचे आठशे पुरे व्हायला नव्वद-एक सोल कमी पडत होते.

विल्फ्रेदो समोर येऊन उभे राहिले. शर्टाची बाही लाल, केस एका बाजूला कापलेले, दुसऱ्या बाजूला तसेच.

"नेली," ते म्हणाले. "आठ दिवस मी एकच विचार करत होतो. तू गेलीस तर मी सकाळी त्या साखरेच्या भांड्याखाली पैसे ठेवायचे कुणासाठी?"

नेलिदाबाईंनी नोटा मांडीवर ठेवल्या. इतक्या वर्षांत हा माणूस एवढं लांब वाक्य बोलला नव्हता आणि त्यात एकही रकाना नव्हता.

"तो दात मी आवश्यकमध्ये टाकतो," विल्फ्रेदो म्हणाले. "सोमवारी."

"नको," नेलिदाबाई म्हणाल्या. "हा दात मी माझा बसवणार. तू फक्त तुझं देणं दे."

"माझं? कसलं?"

"तीन ताटल्या खाल्ल्यास. तिकीट एकही घेतलं नाहीस. साठ सोल."

विल्फ्रेदोंनी चष्मा वर सरकवला. नवरा आणि हिशेबनीस यांच्यात आत काहीतरी झटापट झाली असावी, पण हिशेबनिसालाही आकडा बरोबर वाटला. त्यांनी पाकीट काढलं, शंभराची नोट काढली आणि बायकोच्या हातावर ठेवली. आणि मग इतक्या वर्षांच्या सवयीनं तळहात पसरून तिथेच उभे राहिले.

नेलिदाबाईंनी त्या पसरलेल्या हाताकडे पाहिलं. नोट घडी करून एप्रनच्या खिशात टाकली.

"चाळीस परत," विल्फ्रेदो म्हणाले.

"बघू," नेलिदाबाई म्हणाल्या.

आणि त्या हसल्या. दोन्ही हात खिशात होते. ते हसू फाटकाबाहेरच्या पाववाल्याला ऐकू गेलं आणि तोही तिथे एकटाच, कारण नसताना, हसायला लागला.